चमचा कोणी धरला?

आमच्या घरात एक माणूस असा आहे, की दूधवाल्यानं "दूध ताजं आहे" म्हटलं की तो आधी पिशवीचा वास घेतो. कौस्तुभ, माझा नवरा. कस्टममध्ये आहे, इकडे बंगाली मुलखात, खिदिरपूरच्या गोदीत. कागदावर एक माल आणि पेटीत भलताच, हे रोज बघून बघून तो असा झालाय. मी म्हणते, अरे बाबा, ऑफिसातला संशय ऑफिसातच ठेवून येत जा. पण ऐकेल तर शपथ!

आमचा विहंग साडेचार वर्षांचा. त्याला सगळंच उशिरा आलं. चालणं उशिरा, आणि शब्द तर अजून दोन-चारच. डॉक्टर म्हणाल्या, त्याला कळतं सगळं, पण हात वळायला वेळ लागेल, मुलांत मिसळू द्या. म्हणून जवळच्याच बेहाला भागातल्या एका छोट्या शाळेत घातला. थोड्याच दिवसांत तिथल्या मौमिता मिस मला म्हणाल्या, "विहंग अपने हाथ से खाता है." मला रस्त्यातच रडू फुटलं. घरी येऊन कौस्तुभला सांगितलं, तर हा म्हणतो, "शक्यच नाही."

घरी विहंगला तोच भरवायचा ना! समोर मांडी घालून बसायचा, "आ कर राजा" म्हणायचा, आणि विहंग आ करायचा. मी चमचा हातात दिला तर पोरगं भिरकावून द्यायचं.

मग मिसनी फोटो पाठवला. विहंगच्या हातात चमचा, गालाला भात. आता यावर काय बोलशील? पण कौस्तुभनं तो मोठा करकरून पाहिला. "ही बघ, कडेला बोटं दिसतायत. कोणीतरी कोपर धरलंय त्याचं." डबा रिकामा आला तर म्हणे, आयानं भरवला असेल, नाहीतर टाकून दिला असेल. एकदा तर त्यानं डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावली, झाकण कोण उघडतं ते कळायला. मिसनी ती सोडवून, नीट घडी करून डब्यातच परत पाठवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आईबापांना खूश ठेवायला थापा मारतात सगळे," तो म्हणाला. "मी शाळेतून त्याचं नाव काढून घेतो. तू त्याला घेऊन नाशिकला तुझ्या आईकडे जा, मी त्यांना कळवलंय, तिथे चांगले डॉक्टर आहेत. बदली झाली की मी येईन." सकाळी शाळेचे बूट छातीशी धरून दारात बसणारं पोर, ते शाळेवाचून ठेवायचं? आणि बापावाचूनही?

दुसऱ्याच दिवशी हा मला घेऊन, न सांगता शाळेत जाऊन थडकला. डब्याची वेळ होती. आम्ही वर्गात शिरलो. विहंगनं बापाला पाहिलं, हातातला चमचा खाली ठेवला आणि आ वासला.

"पाहिलंस?" कौस्तुभ मला म्हणाला. त्याचा चेहरा अगदी पडला होता. वाईट वाटलं मला. आपण चुकावं, असंच त्याला मनातून वाटत होतं.

पण माझं डोकंही फिरलं होतं. "चमचा हातात होता तो नाही दिसला तुला? हनुवटीला भात लागलाय तो दिसत नाही?"

"आपल्याला पाहून मिसनीच लावला असेल."

मिस रागावल्या नाहीत. हिंदीत म्हणाल्या, उद्या या, पण त्याला दिसू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिन्याखाली, जाळीच्या खिडकीशी उभे राहिलो. सरस्वतीपूजेचा मांडव सुटला होता, तिथेच त्याचे बांबू टेकून ठेवलेले. कौस्तुभनं आधी मिसचे हात कुठे आहेत ते पाहिलं. मिसनी विहंगच्या कोपराखाली दोन बोटं लावली. "बघ!" तो कुजबुजला. चमचा वर निघाला आणि मिसनी बोटं काढून घेतली. भात थोडा सांडला, थोडा नाकाला लागला. विहंगनं पुन्हा चमचा भरला. या वेळी मिस दुसऱ्या मुलाकडे वळल्या होत्या. मी शेजारी पाहिलं, तर जाळीला नाक लावून कौस्तुभनंच आ केला होता.

घास गेला. कौस्तुभ म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे खात नाही तो?"

"तुझ्या हातचं आवडतं रे त्याला."

त्याचा विश्वास बसला नाही.

रविवारी दुपारी त्यानं वरणभात कालवून विहंगपुढे ठेवला, "बाबा आत आहे हं" म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला. विहंगनं दाराकडे बघत आ केला. तसाच बसून राहिला. माझा जीव तुटत होता, वाटलं उठून भरवावं. शेवटी त्यानं तोंड मिटलं आणि चमचा उचलला. अर्धा घास सदऱ्यावर पडला, अर्धा तोंडात गेला.

"शकुन, खाल्ला का गं?" आतून आवाज आला.

"खाल्ला."

"सगळा?"

"सगळा."

आता हा येणार आणि सदरा बघणार, म्हणून मी पटकन पोराच्या अंगावरची शितं झटकू लागले. तो आलाच नाही. आतूनच म्हणाला, "मग आईला फोन करून टाक. म्हणावं, आम्ही नाही येत."