बसलेला आवाज

बुधाजीच्या घरी रेडिओ होता, पण त्याला आवाज नव्हता. आतल्या स्पीकरचा कागदी पडदा केव्हाच फाटलेला, आणि तो बदलायची घाई बुधाजीने कधी केली नाही. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की शफीक सायकलच्या कॅरियरला लाउडस्पीकरची एखादी पेटी बांधून फ्रेजरपुऱ्यात त्याच्या घरी यायचा. कधी दुरुस्तीला आलेली, कधी त्याने स्वतः केलेली. तिच्या तारा रेडिओला जोडायच्या, सतरंजीवर बसायचं आणि ऐकायचं. बुधाजी सांगायचा काय बिघडलं ते. दिवेलागणीला शफीक पेटी परत न्यायचा. रेडिओ पुढल्या शुक्रवारपर्यंत मुका.

शफीकचं दुकान अमरावतीच्या इतवाऱ्यात. सभा, लग्नं, उरूस, सगळीकडे त्याचे भोंगे जायचे आणि ते झाडाखांबांवर बांधायला बुधाजी. दुसरे बांधणारे भोंगा बांधला की मशीनजवळ विडी ओढत बसत. हा गर्दीतून वाट काढत थेट मागे जायचा, लेकरं मांडीवर घेऊन बाया बसलेल्या असत तिथवर, आणि भोंग्याकडे पाठ करून उभा राहायचा. मग परत येऊन बोटभर भोंगा वळवायचा. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर त्याच्या समाजाच्या सभा गावोगाव व्हायला लागल्या, तेव्हा लोक हक्काने सांगत, 'शेवटच्या रांगेचा बुधाजी पाठवा.'

चांदूर बाजारला एका सभेच्या वेळी तो लिंबावरून पडला आणि पाय अधू झाला. त्याच्या पुढच्या वर्षी जाईबाई, त्याची बायको, गेली. मुलगी मैना मोर्शीकडे दिलेली, तिच्या मागे संत्र्याच्या बागेतली मजुरी आणि तीन लेकरं; ती येणार तरी केव्हा! राहिला शुक्रवार.

माझी त्याची ओळख आमच्या नव्या रेडिओमुळे. आमचे हे कॉलेजात शिकवायचे, त्यांनी मोठ्या हौसेने घेतलेला. मला मात्र त्याचं बोलणं ऐकून डोकं चढायचं. बघायला बोलावलेला शफीक म्हणाला, "बाई, मशीन ठीक हाय. पन थांबा, भाऊले आनतो."

बुधाजी आला, लंगडत बैठकीत शिरला आणि रेडिओकडे पाठ करून बसला. मी गाणं लावायला गेले तर म्हणाला, "गानं नका लावू, बाई. गान्यात सारं लपते. बोलनं लावा."

बातम्या लावल्या. थोडं ऐकून तो म्हणाला, "मानूस उभाच हाय."

"कोण माणूस?"

"बातम्यावाला. दारात उभा राहून वरडून राहिला. आत येऊन बसला पायजे. तुमच्याकडं कोनी आलं आन् उंबऱ्यावरूनच बोलाले लागलं, तं तुमचं डोकं नाई दुखन?"

त्याने रेडिओ भिंतीच्या कोनाड्यातून काढून तिवईवर ठेवला, मागच्या बाजूला एक घडी केलेली चादर लावली आणि पुन्हा पाठ केली. बातम्यांतला माणूस खरंच शेजारी येऊन बोलत असल्यासारखा वाटू लागला.

"हं," बुधाजी म्हणाला. "बसला."

याहून मोठी शाबासकी त्याच्यापाशी नव्हती. शफीकने मला नंतर हसत सांगितलं, "आमच्या वीस पेट्यायत एखादी बसते, बाई. बाकीच्या उभ्या."

त्रेसष्टच्या हिवाळ्यात अकोल्याला रेडिओवाल्यांनी मोठं प्रदर्शन भरवलं. मुंबई-नागपूरच्या मोठ्या दुकानांच्या चकाकणाऱ्या पेट्या येणार होत्या. वऱ्हाडातल्या कारागिरांनाही मुभा होती. पहिल्या नंबराच्या कारागिराला अकोल्याच्या नव्या सभागृहाचं काम मिळणार होतं. परीक्षक तिघे: पुण्याचे पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक, एक गायन शिकवणारे मास्तर आणि बुधाजी. त्याचं नाव आमच्या ह्यांनीच सुचवलं होतं.

शफीकनेही सागवानाची पेटी करायला घेतली, पण ती काही त्याने फ्रेजरपुऱ्यात आणली नाही. "तुमी परीक्षक, भाऊ," तो म्हणाला, "आता प्रदर्शन होईस्तोवर मी तुमच्या घरी येत नाई. लोक काय म्हनतीन?"

"बिनापेटीचा ये ना."

"बिनापेटीचा येऊन काय करू?"

शफीक सहज बोलून गेला. बुधाजीने मला हे वाक्य दोनदा सांगितलं. ते सगळे शुक्रवार त्याने सतरंजी अंथरली आणि तिन्हीसांजेला गुंडाळून ठेवली.

अकोला माझं माहेर, म्हणून मीही गेले. पेट्या पडद्यामागे होत्या, नुसते नंबर लावलेले. कुणाची कोणती ते परीक्षकांना ठाऊक नव्हतं. बुधाजी पाठ करून खुर्चीवर बसला. गाण्यांनंतर त्याच्या आग्रहाखातर बोलणं लावलं. मी बायकांच्या बाजूला होते, तिथून त्याचा चेहरा दिसत होता. पाचव्या पेटीतून बाई बोलू लागली, साधंच काहीतरी, भाजी निवडण्याबद्दल. बुधाजीने डोळे मिटले. हात गुडघ्यावरून सरकून बाजूला गेला, सतरंजीवर कुणाला जागा करून द्यावी तसा.

"बसला," तो म्हणाला. "पाचवीचा आवाज पुरा बसला."

प्राध्यापकांनी मान हलवली.

संध्याकाळी निकाल सांगायला तेच उभे राहिले. मोठे सौजन्याचे गृहस्थ; प्रत्येक पेटीबद्दल दोन शब्द बोलत होते. पाचवीपाशी आले तेव्हा म्हणाले, "ही अमरावतीच्या शफीक यांची पेटी. मला स्वतःला ती आवडली होती. परंतु आमचे अनुभवी सहकारी बुधाजी यांनी आवाज बसला असल्याचं नेमकं टिपलं, त्यामुळे तिचा विचार करता आला नाही."

त्यांच्या पुण्यात आवाज बसतो तो सर्दीने.

बुधाजी काठी टेकत उठला. "नाई जी! बसला म्हंजे... बसला!"

"हो हो," प्राध्यापक समजुतीने म्हणाले, "तेच सांगतोय मी."

मांडव हसला. बुधाजी पुन्हा म्हणाला, "अहो, बसला म्हंजे चांगला बसला!" तेव्हा हसू आणखी वाढलं. मागून कुणीतरी ओरडलं, "याले काढा पाजा, आद्रकीचा!" सगळ्यांच्या पाठीमागे शफीक उभा होता. त्याने टोपी सारखी केली आणि बाहेर पडला.

चहाच्या वेळी मी आणि आमच्या ह्यांनी प्राध्यापकांना अर्थ सांगितला. त्यांचा कप तसाच राहिला. "अरेरे! मी विचारायला हवं होतं हो." ते स्वतः शफीकला शोधायला गेले, पण पेटी घेऊन तो स्टेशनावर निघून गेला होता. आणि सभागृहाचं काम पहिल्या नंबराला देऊन झालं होतं.

इतवाऱ्यात ही गोष्ट त्याच्याआधी पोचली. पोरंटोरं दुकानासमोरून जाताना घसा खाकरायची. शफीकचं फ्रेजरपुऱ्याला जाणं थांबलं ते थांबलंच. मी एकदा विषय काढला.

"मले समजते, बाई, भाऊ काय बोलले ते," तो म्हणाला. "मले नाई समजनार तं कोनाले? पन दुसरा शब्द नव्हता का त्याइच्यापाशी?"

नव्हता. बुधाजीने तेच सांगितलं. "खोटं कसं बोलू? आन् दुसरं म्हनू तरी काय?"

फाल्गुनात मी गेले तर त्याच्या घरात बातम्या चालू होत्या. सागवानाची पेटी भिंतीशी होती, आणि बातम्या देणारा माणूस जणू समोरच्या सतरंजीवर मांडी घालून बसला होता. इतका स्पष्ट आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"शफीक ठेवून गेला," बुधाजी म्हणाला. "म्हने, दुकानात ठेवली तं लोक चिडवतात. तुमालेच राहू द्या, कायमची."

"बरं झालं की! आता रोज ऐकता येईल."

"हो. रोजच." तो पेटीकडे बघत राहिला. "आता त्याले पेटी घेऊन याचं कामच नाई राहिलं."

"तेव्हा बसले का शफीकभाई?"

"उभ्यानंच गेला."

बातम्या संपल्या, शेतीचे बाजारभाव लागले. बुधाजी भिंतीला धरून उठला. अधू पाय लांब करून पेटीमागे वाकला आणि एक तार ओढून सोडवली. घर एकदम रिकामं झालं. जन्मभर आवाजाबद्दल खोटं न बोललेला माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, इतवाऱ्यात जासान तं त्याले सांगजा. म्हना, पेटी बोलून नाई राहिली. आवाज बसला म्हना."

मी त्याच पावली इतवाऱ्यात गेले. शफीक एका भोंग्याच्या तारेला कथलाचा डाग देत होता. मी निरोप सांगितला.

"त्या पेटीचा? होऊच शकत नाई." डाग द्यायची सळई त्याच्या हातात तशीच राहिली. "काय म्हनले भाऊ? त्याइचाच शब्द सांगा."

"आवाज बसला म्हणाले."

"कोन्या अर्थानं, बाई?"

"ते मी कसं सांगू? तुम्हीच जाऊन ऐका."

तो हसला नाही. सळई विझवली आणि तिचं टोक फडक्याने पुसत राहिला.

शुक्रवारी दुपारी मी फ्रेजरपुऱ्यावरून येत होते. बुधाजीच्या भिंतीला सायकल टेकवलेली होती. कॅरियर रिकामं, हत्यारांची पिशवीसुद्धा नव्हती. आतला रेडिओ बंदच होता. मी दाराशी थांबले नाही.