नेडीनने शिवलेले बारा सैतान

ब्रदर लायलचं नाव निघालं की मला अजून शिसारी येते. हा आमचा पाद्री गाव सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली, तरी चर्चच्या तळघरात मी पाय ठेवत नाही. पण मला त्याच्याबद्दल सांगायचं नाही. सांगायचंय ते माझ्या शेजारणीबद्दल, नेडीन स्टिल्टनरबद्दल. तिच्याबद्दल सांगायचं तर त्या घाणीतून जावंच लागतं, त्याला इलाज नाही.

नेडीन शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं कॉलर लावायची. कारखाना बंद पडला तेव्हा तिनं आपलं मशीन उचलून घरी आणलं. टेप वापरायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. खरं माप नजरेनंच घ्यायची. एकदा मला म्हणाली, "ओपल, ख्रिसमसपासून डावीकडे जास्त वाढलीयस गं." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. झगा मात्र तिनं शिवला तसाच बसला.

ऑक्टोबर लागला की आमच्या खोऱ्यातली अर्धी पोरं तिच्या ओसरीवर. कुणाला भूत व्हायचं असे, कुणाला कोंबडा. आमच्या चर्चमधल्या बर्लच्या धाकट्याला एका वर्षी कपडे धुण्याचं मशीन व्हायचं होतं. नेडीननं त्यालाही नाही म्हटलं नाही, पुठ्ठ्याला पांढरं कापड लावून पोटावर गोल दारसुद्धा बसवून दिलं. हॅलोविनच्या, म्हणजे महिनाअखेरच्या संध्याकाळी तीच पोरं तिच्या दारात परत यायची आणि ती प्रत्येकाला मक्याच्या लाह्यांचा, काकवीत वळलेला लाडू द्यायची. स्वतः शिवलेले कपडे, तरी प्रत्येकाला घाबरून दाखवायची.

तिला एकच मुलगी, रोंडा. नवरा खाणीच्या धुळीनं छाती भरून लवकर गेला होता. रोंडा एकोणिसाची असताना हॅलोविनच्या दिवशी शाळेच्या हॉलमधल्या नाचाला गेली, आईनं शिवलेला मधमाशीचा पोशाख घालून. पिवळे-काळे पट्टे, डोक्यावर तारेच्या दोन मिशा. निघताना ओसरीवर मीच तिचा फोटो काढला. दाराच्या चौकटीला आपटून डावी मिशी वाकली होती, म्हणून ती हसत होती. परत येताना गिरणीच्या वळणावर समोरून कोळशाचा ट्रक आला. पोरगी दारू प्यायली नव्हती, वेगात नव्हती. पाऊस होता, बस्स. पेपरात तोच फोटो आला.

मला वाटलं, आता नेडीन ते मशीन झाकून ठेवील. पुढच्या ऑक्टोबरात पाहते तर मशीन सुरू. "पोरं येणारच ना गं," ती म्हणाली. "त्यांनी काय केलंय?"

त्यानंतर आठ वर्षांनी ब्रदर लायल आला. वय बत्तीस, दात पांढरेशुभ्र, आवाज असा की मागच्या बाकावरची म्हातारी दचकून जागी व्हावी. पहिल्याच ऑक्टोबरात त्यानं पत्रकं वाटली. हॅलोविन म्हणजे सैतानाचा वाढदिवस. जुन्या काळचे पुजारी त्या दिवशी माणसं जाळायचे. दारात येणारं पोर गोड मागत नाही, बळी मागतं. लोकांनी घरोघरचे पोशाख आणून चर्चच्या मागच्या पिंपात जाळले. सगळे नेडीनच्या हातचे. कोंबडा जळला, कपडे धुण्याचं मशीनही जळलं.

नेडीन शेजारी उभी राहून बघत होती. "माझी आजी सांगायची," ती ब्रदरला म्हणाली, "आमचे वाडवडील जिथून आले त्या जुन्या देशात या दिवशी अस्साच जाळ करायचे. तुम्हाला कुणी शिकवलं, ब्रदर?"

"सिस्टर नेडीन, ही थट्टा नाही. याच्या मुळाशी काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही."

"मुळाचं मला काय ठाऊक असणार? आजीच्या गोष्टीत त्या रात्री मेलेली माणसं घरी यायची म्हणून चुलीजवळ खुर्ची ठेवायचे. आता त्यात सैतान कुठून घुसला कोण जाणे. तीस वर्षं दार उघडतेय मी. नाक गळणारी पोरं आली, सैतान काही आला नाही."

लोक हसले. ब्रदरही हसला, पण तोंडानंच. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी त्यानं टूम काढली की हॅलोविनला पर्याय म्हणून चर्चच्या तळघरात नरक उभारायचा. पोरांना खोल्याखोल्यांतून फिरवायचं आणि पापाचं फळ दाखवायचं. भुताचा मुखवटा घातला की सैतानाची पूजा आणि तळघरात लाल दिवे लावून किंकाळ्या मारल्या की देवाचं काम! तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. नेडीनला बारा सैतानांचे लाल झगे शिवायला सांगितले. चर्चच्या कामाला ती कधी नाही म्हणायची नाही.

"सैतानाला खिसे लागतात का हो?" तिनं बर्लला विचारलं. बर्ल आमचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा कारभारी, ढेरपोट्या, त्याला मुख्य सैतान केलं होतं.

"एक ठेव. तंबाखूला."

आता माझं सांगते. मी त्या कमिटीत होते. ब्रदरची बायको डार्ला हिनं नाटकाचा कागद वाचून दाखवला. एक मुलगी हॅलोविनच्या नाचाला जाते. परतताना ट्रकखाली सापडते. पुढच्या खोलीत तिची शवपेटी, त्याच्या पुढच्या खोलीत बारा सैतान तिला ओढत आगीत नेतात. मुलीच्या अंगावर मधमाशीचा पोशाख.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

"नाव कुठे घेतोय आपण?" डार्ला म्हणाली. "इथल्या पोरांना तो ट्रक आठवतो, म्हणूनच ते लक्षात राहील. एका आईला थोडं लागेल, पण शंभर जीव वाचतील. आणि तो पोशाख मी पलीकडच्या गावातून शिवून घेतलाय. नेडीनला त्रास नको."

त्रास नको! त्या वाक्याची किळस मला अजून येते. मग ब्रदर म्हणाला, ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही. ज्या पोरीला मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं, जिचा फोटो माझ्या बायबलमध्ये होता, तिला नरकात पाठवायला मी हात वर केला. आणि मग तीन आठवडे नेडीनच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या हातची कॉफी प्याले. ती लाल कापडाला काठ घालत होती आणि मी बॉबिन भरून देत होते.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी तालीम होती; मीही होते. तिथे नेडीनला बोलावलंच नव्हतं. पण बर्लचा झगा पोटावर उसवला आणि त्या शहाण्यानं तिला फोन केला. ती सुईदोरा आणि छोटी कात्री घेऊन तळघरात उतरली तेव्हा नेमकी शेवटची खोली चालली होती. मधोमध बर्लच्या भाचीला उभी केली होती, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांत. डोक्यावर तारेच्या मिशा. डावी मिशी मुद्दाम वाकवलेली.

नेडीननं ती वाकलेली मिशी बराच वेळ पाहिली. पोरीजवळ गेली, तिच्या डोक्यावरून मिशा काढल्या आणि म्हणाली, "तू घरी जा, बाळ. तुझी यात काही चूक नाही." पोरगी रडत पळाली.

मग ती ब्रदरकडे वळली. "माझी रोंडा नरकात आहे?"

"सिस्टर, हे एक उदाहरण—"

"हो का नाही?"

"ते देवच जाणे."

"मग देवाला न विचारता तिला तिथं नेऊन कुणी ठेवलं?"

नेडीननं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबली. माझ्या हातात नाटकाचा कागद होता, तो तिला दिसला.

"ओपल," ती म्हणाली, "तू शिकवलंस तिला. तू सांग. कुठाय माझी पोर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ब्रदर, डार्ला, बारा सैतान. एक वाक्य होतं. मी मूग गिळून बसले.

तिनं मान हलवली, पुढच्या खुर्चीवर बसली आणि कात्री काढली. "बर्ल, काढ तो झगा. इकडे दे."

"अगं नेडीन, उद्या प्रयोग..."

"तुझी छाती बेचाळीस आणि पोट एक्कावन्न आहे, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगू का? काढ."

बर्लनं काढला. मग एकेकाला नावानं हाक मारून तिनं बाराही झगे मागून घेतले आणि टाका न टाका उसवला. दीड तास लागला. बारा बाप्ये बनियनवर, हाताची घडी घालून भिंतीला उभे, कुणाची जायची हिंमत होईना. ती उठली तेव्हा पायाशी बाह्या आणि पाठी वेगवेगळ्या पडल्या होत्या. "कापड चर्चचं आहे," ती म्हणाली. "टाके माझे होते."

प्रयोग झालाच. निर्लज्जांनी मोठ्या दुकानातून हॅलोविनचेच सैतानी मुखवटे आणले आणि डार्लाची पुतणी मधमाशी झाली. लोकांनी रांगा लावल्या. मी गेले नाही, पण न जाण्यात कसला आलाय पराक्रम?

हॅलोविनच्या त्याच संध्याकाळी, अंधार पडल्यावर, मी नेडीनच्या दारात गेले. ओसरीवर दिवा लागला होता आणि टोपलीत लाडू तसेच होते. एकही पोर फिरकलं नव्हतं. आत चुलीजवळ एक रिकामी खुर्ची ठेवलेली दिसली. तिच्या पाठीवर त्या वाकलेल्या मिशा अडकवल्या होत्या.

तिनं दार उघडलं. मी वाटेत घोकत आले होते ते बोलले. "नेडीन, रोंडा तिथं नाही. ती देवाघरी आहे. मला पक्कं माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," ती म्हणाली. टोपलीतला एक लाडू काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवला, दारात येणाऱ्या कुठल्याही पोराच्या हातावर ठेवते तसा. "ते मला कळावं म्हणून नव्हतं गं विचारलं. त्यांच्यासमोर तू म्हणावंस म्हणून विचारलं होतं."

आणि तिनं दार लावून घेतलं.