गफूरचाचांचं आकाशातलं लोखंड

माझी शाळा चौथीपर्यंतच. शुद्धलेखन चुकणार, अक्षरंही ओळीवरून घसरणार, तेवढं सांभाळून घ्या.

दीड महिन्यापूर्वी लोणारच्या बसस्टँडमागं भाता बंद दिसला आणि कळलं, गफूरचाचा गेले... त्यांच्या लोहाराच्या दुकानाला लागून माझी चहाची टपरी. मी गिऱ्हाइकाशीही मान खाली घालून बोलणारी. चाचा म्हणायचे, "बाई, तुया चहाच बोलते, म्हनून धंदा चालून राह्यला."

दोन वर्षांपूर्वी आमच्या वावरात नांगराला एक काळा, जड गोळा लागला. चाचांनी चुंबक लावलं, ते चिकटलं. आम्ही सरोवराकाठची माणसं. आमचं सरोवरच उल्का पडून झालेलं, म्हणून चुंबक चिकटलं की वस्तू आकाशातूनच पडलेली, असं धरून चालतो. हिवरा आश्रम गावच्या एका गुरुजींनी तो उल्का समजून दोन हजारांना नेला. आम्ही हजार-हजार वाटून घेतले.

पुढं सरोवर पाहायला आलेल्या एका अभ्यासक बाईंनी पिशवीतून खरी लोखंडी उल्का काढली. चाचांनी हात पुसून ती हातात घेतली. अंगभर खळगे, जणू ओल्या कणकेत कुणी अंगठे दाबले. हवेतून येताना वितळून तसे होतात म्हणे. एक बाजू कापून, घासून तेजाबानं धुतलेली, तिच्यावर चटईच्या विणीसारख्या चंदेरी रेघा. फुटलेल्या एका छोट्या ग्रहाच्या पोटातलं ते लोखंड. निवायलाच लाखो वर्षं लागली, म्हणून ही नक्षी.

"आमी पान्यात बुडवतो अन् मोकळे होतो," चाचा म्हणाले. "इतका सबर कोन्या लोहाराजवळ आहे?" मग हसायलाच लागले. "बाई, आपल्या गोळ्यात बुडबुडे होते. भट्टीतला मळ तो. जनम गेला मळ काढन्यात, अन् मलेच ओयखू नाही आला."

दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांनी गुरुजींना खरं सांगितलं, आपल्या वाट्याचे हजार परत दिले. माझे टपरीच्या पत्र्यात गेले होते. तेही चाचाच भरायला निघाले, मी नको म्हटलं. "मंग तूच जाजो. पन चिठ्ठी नको, तोंडानं सांगजो."

पैसे सहा महिन्यांत जमले, तोंड काही उघडेना. चाचा रोज चिडवायचे, "गेली होती काय वं हिवऱ्याले?"

त्यांचा चाळिसावा दिवस झाला आणि मी एसटीत बसले. गुरुजींच्या दाराला तोच गोळा टेकण म्हणून लावलेला.

"गुरुजी, हा माझ्या वावरातला. आकाशातला नाही. आम्ही चुकलो."

"बसा. चाचा सांगून गेले होते, 'ती येईल, पन आधी चहा पाजा, तिले बोलाले वेळ लागते.'"

चहा मी नंतर घेतला. आधी शंभराच्या दहा नोटा टेबलावर ठेवल्या आणि मान वर करून म्हटलं, "मोजून घ्या." त्यांनी मोजल्या. पुरे हजार भरले.