उलट्या शिवणीची वाकळ

शिरपूरला, जैन मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. मला सगळे बेबीताई म्हणतात. इतकी वर्षं कापडात काढली, तेव्हा कापडातलं सगळं आपल्याला कळतं असं वाटणं साहजिक होतं. मग प्रयागकाकूनं एक वाकळ शिवली. ती मी सुरुवातीपासून पाहिली आणि तिच्यामुळे काय घडलं तेही डोळ्यांनी पाहिलं.

प्रयागकाकूचं घर आमच्या घरासमोर. गावालगत विहिरीवरचं थोडं वावर, त्यात मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पहाटे भाजी खुडायची, धुऊन जुड्या बांधायच्या आणि काकाजींनी, म्हणजे पुंजाजींनी, त्या बाजारात न्यायच्या, असं त्या घराचं चाले. मुलगा धीरज वावर बघतो. त्याची बायको उज्ज्वला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी उज्ज्वलाला मुलगी झाली, सुचिता.

पोटात लेकरू असताना उज्ज्वलाच्या अंगावर बारीक लाल पुरळ आलं होतं. ताप आला, गेला. कोणी मनावर घेतलं नाही. सुचिता जन्मली तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत सायीसारखं पांढरं होतं. अकोल्याला, मग नागपूरला नेलं, ऑपरेशन केलं. उजेड आणि अंधार एवढंच तिला उमगू लागलं. पुढे कानांची तपासणी झाली, तेव्हा कळलं की तिला ऐकूही येत नाही.

ज्या लेकराला दिसत नाही ते आवाजावरून आई ओळखतं. ज्याला ऐकू येत नाही ते तोंड बघून ओळखतं. सुचिताला दोन्ही नव्हतं. तिच्या लेखी अचानक कुठून तरी हात यायचे, उचलायचे, तोंडात काहीतरी घालायचे, अंगावर पाणी ओतायचे. कोणाचे हात, कशाला, काही ठाऊक नाही. ती किंचाळायची, अंग ताठ करायची. अंगावर चादर टाकली की लाथेनं उडवायची. उज्ज्वला रडून रडून वाळून गेली होती.

सुचिता अडीच-तीन वर्षांची झाली तेव्हा वाशीमहून एक बाई यायला लागल्या. अशा मुलांना घरी येऊन शिकवणाऱ्या, वर्षाराणी मॅडम. एसटीनं यायच्या, पाठीला भलीमोठी बॅग. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "तिला हात लावण्याआधी आपण कोण आहोत हे तिला कळलं पाहिजे. प्रत्येकानं स्वतःची एक खूण ठरवा. बोटांना कळेल अशी. रोज तीच. न चुकता."

"किती दिवस?" धीरजनं विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, दादा," मॅडम म्हणाल्या. "काही मुलांना महिने लागतात. काहींना वर्षं."

 त्यानंतर प्रयागकाकू सुचिताजवळ नुसती बसून राहू लागली. हात न लावता, नुसती बघत. भाजीच्या जुड्या बांधताना बघायची, तांदूळ निवडताना बघायची. आणि एक दिवस माझ्या दुकानात आली.

"बेबी, तुह्याकडं फलालीन हाये का?"

"आहे थोडं. लहान लेकरांच्या झबल्यांचं उरलंय. काहून, काकू?"

"पोरीले वाकय शिवतो." आमच्याकडे बायकाही 'शिवतो'च म्हणतात, आणि वाकळीला वाकय. "तिच्या बोरनहाणाले देईन."

तिनं पदराआडून एक जुना सदरा काढला. काकाजींचा, थंडीतला, तपकिरी चौकड्यांचा फलालीनचा. बाही कोपरापाशी फाटून तिथले धागे लोंबत होते.

"हे पाह्य," ती म्हणाली. "काल हा सदरा तिच्या हाताशी पडला. गुयगुयीत भागावर तिचा हात थांबेच ना. या फाटक्या काठावर आली आन् तिथंच बसली. एकेक धागा धरून पाहे. रडली नाही, का किंचाळली नाही. पोरीचे डोये तिच्या बोटांत हायेत बेबी, आन् आपण तिले सगळं सपाट देऊन राह्यलो."

मी म्हटलं, काकू, मशीनवर झटकन शिवून देते. चौकोन कापू, जोडू, शिवणी आत घेऊ.

"शिवण आत कायले? तिथंच तर तिले रस्ता सापडते. शिवणी वर येऊ दे. आन् मशीन नको. हाताचा टाका मोठा येते, बोटाले लागते."

मी हसले. शिवणी वर ठेवलेली वाकळ म्हणजे उलटा घातलेला सदरा. आमच्या धंद्यात शिवण जितकी लपेल तितकं काम चांगलं. पण फलालीन काढून दिलं, आणि मग रिकाम्या वेळी मीही तिच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, जाऊन बसू लागले.

ती अशी शिवायची. तळहातापेक्षा जरा मोठे चौकोन. वर फलालीन, मध्ये जुन्या लुगड्याचा थर, खाली पुन्हा फलालीन. प्रत्येक चौकोनावर कोपऱ्यातून कोपऱ्यात धावदोरा. मग दोन चौकोन पाठीला पाठ लावून जोडायचे, म्हणजे कापडाच्या कडा वरच्या अंगाला उभ्या राहतात. त्या कडांना कात्रीनं जवळजवळ चिरा द्यायच्या, टाका तुटणार नाही अशा. सगळी वाकळ झाल्यावर ती विहिरीवर नेऊन धुतली, आपटली, वाळवली, पुन्हा धुतली. दर धुण्याला त्या चिरा उसवत गेल्या, आणि चौकोनांच्या भोवती मऊ धाग्यांचे झुबके उभे राहिले.

पण खरी गंमत चौकोनांत होती. एकावर काकाजींच्या सदऱ्याचा खिसा जसाच्या तसा होता, हात घालता येईल असा. एकावर धीरजच्या शर्टाची बटणपट्टी. उज्ज्वलाच्या चौकोनावर काळ्या मण्यांची ओळ, घट्ट ओवून दोन्ही बाजूंनी टाचलेली, कारण कडेवर घेतलं की पोरीची बोटं आईच्या मंगळसूत्रावर जायची. काकूच्या स्वतःच्या चौकोनावर लुगड्याच्या पदराची गाठ. ती कमरेला किल्ली जशी बांधते तशीच. गाईसाठी दाव्याचा तुकडा, अंघोळीसाठी टॉवेलचा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बोरनहाण ठरलं. इतर लेकरांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओततात आणि मुलं लूट करतात. काकूनं त्या दिवशी माझ्याशिवाय कोणालाच बोलावलं नाही. पोरीच्या अंगावर वरून काही पडू द्यायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. सपरीत वाकळ अंथरली, सुचिताला तिच्या कडेला बसवलं आणि सगळे मागे सरकले.

सुचितानं आधी पाय ओढून घेतले. मग एक बोट पुढे केलं. झुबक्याला लागलं. बोट थांबलं. मग ते शिवणीवरून चालायला लागलं, कोपऱ्यापर्यंत गेलं, वळलं, पुढच्या शिवणीवर गेलं. एरवी किंचाळणारं लेकरू अगदी गप्प. शेवटी ती वाकळीवर आडवी झाली आणि गाल त्या उसवलेल्या धाग्यांवर टेकवून पडून राहिली. उज्ज्वला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.

पण त्यापुढचं काम त्याहून अवघड होतं. काकूनं घराला शिस्त लावली. सुचिताला उचलायचं तर आधी तिचा हात आपल्या खुणेवर ठेवायचा, मग वाकळीवरच्या त्याच खुणेवर, आणि मगच उचलायचं. काकाजी तिचा हात आधी स्वतःच्या खिशात घालत, मग वाकळीच्या खिशात. अंघोळीआधी टॉवेलचा चौकोन. गोठ्यात नेण्याआधी दावं. रोज. घाईत, पाहुणे असताना, ताप असताना.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, काही झालं नाही. किंचाळणं कमी झालं, एवढंच. धीरज एकदा वैतागून म्हणाला, "माय, तिले काय समजून राह्यलं? आपण भिताडाशी बोलून राह्यलो."

काकू वांगी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू दीड वर्साचा होईस्तोवर बोलला नव्हता. मी तुह्याशी बोलनं बंद केलतं काय?"

पुढच्या थंडीत काकाजींना धनजला जावं लागलं. त्यांची बहीण जमनाबाई तिथं एकटीच राहते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ते तिच्याजवळ राहायला गेले. त्यांना जाऊन तीन-चार दिवस झाले असतील. सकाळी मी उज्ज्वलाचा ब्लाउज द्यायला गेले. उज्ज्वला चुलीपाशी होती. सपरीत ऊन आलं होतं. सुचिता वाकळीवर बसलेली, काकू शेजारी मेथी निवडत होती. मी पायरीवरच टेकले.

सुचिताचा हात खिशाच्या चौकोनावर होता. तिनं खिशात हात घातला, आत फिरवला, काढला. जमिनीवर, आजूबाजूला चाचपडली. पुन्हा खिशात घातला. मग शिवणीवरून बोट चालवत वाकळीच्या टोकापर्यंत गेली, तिथं कोणी नाही म्हटल्यावर परत आली.

मग तिनं काकूचा पदर धरला. कमरेची गाठ शोधली, दाबून पाहिली. खात्री झाल्यावर काकूचं मनगट पकडलं, तो मेथीनं ओला झालेला हात ओढत आणला आणि खिशावर ठेवला. त्यावर स्वतःचा हात ठेवून दाबला. आणि तोंड वर करून थांबली.

काकू हलली नाही. सुचितानं पुन्हा तिचा हात उचलला, पुन्हा खिशावर आपटला. पुन्हा तोंड वर.

"बेबी," काकूचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं. "इचारून राह्यली ते मले. आबा कुठी हाये म्हणून इचारून राह्यली."

 चार वर्षांचं लेकरू. कधी एक शब्द ऐकला नाही, एक तोंड पाहिलं नाही. कोणी तिला सांगितलं नव्हतं की प्रश्न नावाची गोष्ट असते, की दुसऱ्या माणसाला काही ठाऊक असतं आणि ते मागता येतं. ते तिनं त्या अंधारात एकटीनं शोधून काढलं होतं, आणि माझ्यासमोर, सकाळच्या उन्हात, आजीचा हात धरून विचारत होती.

काकूनं तिला उचललं. काकाजींच्या बाजेपाशी नेलं, रिकामी बाज तिचा हात फिरवून दाखवली. उशी दाखवली. खुंटीवर त्यांची टोपी नव्हती, ती रिकामी खुंटी दाखवली. मग दारात नेऊन रस्त्याच्या बाजूला तिचा हात लांब करून धरला. पोरीला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण ती रडली नाही, आजीच्या मानेत तोंड घालून राहिली.

मी माझ्या मोबाइलवरून काकाजींना फोन लावून दिला.

"धीरजचे बाबा," काकू ओरडून म्हणाली, "पोरगी तुमाले इचारून राह्यली!"

"कोनती पोरगी?"

"आपली! सुचिता! तिनं मले इचारलं, आबा कुठी हाये!"

  काकाजी एवढंच म्हणाले, "येतो."

जमनाबाईनंच त्यांना बाहेर काढलं म्हणे, शेजारीण हाये माह्याजवळ, तू जाय. कारंज्याहून एसटी बदलत ते संध्याकाळी पोचले. आम्ही चार-पाच बाया दारात उभ्याच होतो. पायही न धुता ते सपरीत गेले, पोरीसमोर मांडी घालून बसले आणि तिचा हात हळूच आपल्या खिशात घातला.

सुचिता थांबली. खिशात बोटं फिरवली. सदऱ्याचा वास घेतला. मग त्यांचा तो मोठा, भेगाळलेला हात दोन्ही हातांनी धरला, वाकळीवरून ओढत नेला, आणि खिशाच्या चौकोनावर नेऊन दाबला. हे तुम्ही.

पुंजाजी काकाजी कमी बोलणारे. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "हो माय. मीच होय. आलो मी."

पुढच्या आठवड्यात वर्षाराणी मॅडम आल्या. काकूनं त्यांना सगळं सांगितलं आणि सुचितानं समोर करूनही दाखवलं. त्या दिवशी धीरज वावरात होता, त्याची बटणपट्टी तिनं विचारली. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी काकूला मिठी मारली आणि त्याच दिवसापासून हातात करायच्या खुणा शिकवायला घेतल्या. पाणी. भाकर. अजून. नको. 'नको' तर पोरीनं एका दिवसात उचललं आणि दिवसभर घराला वापरून दाखवलं. तिचा बाप हसत सुटला होता.

आता सुचिता नऊ वर्षांची आहे. घरभर एकटी फिरते, गाईला चारा टाकते, मेथीची जुडी वासानं सांभारापासून वेगळी काढते. सगळं सोपं झालं असं मी म्हणणार नाही. अजूनही काही दिवस असे येतात की ती भिंतीला टेकून बसते आणि कोणाला जवळ येऊ देत नाही. पण तिला आता तीसेक खुणा येतात आणि ती रोज नवीन मागते.

गेल्या महिन्यात तिच्या फ्रॉकचं माप घ्यायला मी गेले. गळ्यात माझी मापाची टेप होती. ती बोटांत धरून सुचितानं तिच्यावरच्या रेघांवरून मोजल्यासारखं नख फिरवलं, शेवटचं पत्र्याचं टोक दाबून पाहिलं. मग माझ्या गळ्यातून टेप ओढली, मला ओढत सपरीत नेलं आणि टेपचं ते टोक वाकळीवर ठेवलं. बोटांनी सगळे चौकोन चाचपून झाले. माझं काहीच तिथं नव्हतं. तिनं तोंड वर केलं आणि थांबली.

प्रयागकाकू सुईत दोरा ओवायला लागली होती. "दे बेबी, काप थोडी," ती म्हणाली. "पोरीनं तुले घरात घेतलं."

मी टेप तिथंच कापली.