तांबड्या भाताच्या दोन कुंड्या

"एकट्याला वाढलं तर कुणीही मुकाट जेवतो. पंगतीत बसवा, मग कळतं कोण कसा ते!" असं म्हणत आमच्या बाई हातमोजे चढवायच्या.

पंगत कसली, तर मूलद्रव्यांची! सोडियम, रुबिडियम, जस्त, लोह, कोबाल्ट, सगळ्यांची किरणोत्सारी रूपं एकाच पाण्यात मिसळून त्या ती भाताच्या रोपांना पाजायच्या. प्रत्येकाचे किरण वेगळ्या ताकदीचे, त्यामुळे मुळाशी कोण अडलं आणि पानापर्यंत कोण पोचलं, हे यंत्र बरोबर सांगायचं. यंत्रावर मी असायचे. साठच्या दशकात, पनवेलच्या खाडीकाठी, आमच्या एवढ्याशा प्रयोगशाळेत हे चालायचं. तुम्हाला खरं वाटणार नाही.

बाईंच्या डोक्यात एकच भुंगा. खाऱ्या जमिनीत बाकीचं भात करपतं, मग जवळच्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं तांबडं भात तगतं कसं? त्याच्याकडून मूठभर बियाणं मागून आणलं आणि कुंड्यांत लावलं. सगळ्या कुंड्यांना ते पाणी, दोन मात्र साध्या ठेवलेल्या. आसपासच्या दगडमातीचेही किरण यंत्रात उमटतात. ते वजा करायला साध्या रोपांचं माप लागतं. ते नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

रोपं पोटरीला आली, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि म्हातारा दारात उभा. उधाणाने बांध फुटून शेत गेलं होतं. घरात पाणी शिरून कणगीतलं बियाणंही कुजलं होतं.

"बाय, माजी रोपा परत दे. आमच्याकं दुसरं बी नाय."

बाईंनी त्याला कुंड्या दाखवल्या. "बाबा, यांचा दाणा खायचा नाही, पेरायचाही नाही. या पुरून टाकायच्या."

"समदी?"

बाईंची नजर त्या दोन साध्या कुंड्यांकडे गेली. मी मागून मान हलवतेय, नाही, नाही! निकाल आला नाही तर काम बंद, असं वरच्या साहेबांनी बजावलं होतं.

"या दोन साध्या आहेत. न्या," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हे भातच उरलं नाही, तर आपण शोधतोय कशाला गं?"

कुंड्या बैलगाडीत चढवतानाही बाईंच्या चौकशा चालूच! "बाबा, याच्या पेंढ्याला गुरं तोंड लावतात का हो?"

काम बंद झालं. मी तिथेच दुसऱ्या कामाला राहिले. बाई कुठल्याशा लांबच्या कॉलेजात शिकवायला गेल्या. मला त्यांचा राग राग यायचा, आणि दुपारी एकटीने डबा उघडला की रडूही यायचं.

दोन पावसाळे गेले. एक दिवस म्हातारा पुन्हा आला, पंच्यात तांबड्या भाताची पुरचुंडी बांधून.

"बाय कुठं हाय?"

"गेल्या हो बाबा, लांब."

त्याने बाईंच्या खोलीचं कुलूप एकदा हलवून पाहिलं. मग पुरचुंडी माझ्या हातात कोंबली.

"तिला धाड. शिजवू नको म्हनावं, कुंड्यांत लाव. या बारीला मी मागाया नाय येनार."