रॅकेटच्या मुठीवरचं नाव

मधू गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, श्वेतानं, पार्सिपनीहून केला. सहा आठवडे झाले. वेळ, दवाखाना, सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "काका, पणजोबांची ती टेनिसची स्टोरी बाबांनी अचानक बंद का केली? वॉज इट ट्रू?" मी विषय बदलला. हिला काही कळलंय का, एवढंच तेव्हा मनात आलं...

मधू कुलकर्णी माझा चाळीस वर्षांचा मित्र. नेपरव्हिलच्या त्याच्या घरात आजोबांची लाकडी रॅकेट असे, वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या चौकटीत आवळलेली. दर रविवारी चहाआधी तो स्क्रू पिळून बघायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, की कचेरीत कारकुनी करणाऱ्या आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या अंमलदारांना हरवून स्पर्धा जिंकली होती. लोक रंगून ऐकायचे. मला ते कधी पटलं नाही. मुठीवर 'टी. राव' कोरलेलं, आणि आजोबा तर कुलकर्णी. जुन्या बाजारातून उचलली असेल, असं मी एकदा सगळ्यांदेखत म्हणालो. मधू हसला. "संशयात्म्या, लायब्ररीत नोकरी करतोस ना? मग शोध की."

मी शोधलं. ॲन आर्बरच्या आमच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्मवर निकाल सापडला. विजेता टी. राव. शेजारी धूसर फोटो, हातात करंडक, आणि हुबेहूब मधूचे ते पुढे आलेले कान. आजारपणाची रजा टाकून खोट्या नावानं खेळणारे हौशी खेळाडू तेव्हा असत, हे मला वाचून ठाऊक होतं. तरी मी त्याला फोनवर म्हणालो, "स्पर्धेत कुलकर्णी नावाचं कोणी नाही, मधू."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं पुरलं. तो म्हणाला, "तू नीट बघितलं असशील." सगळ्यांवर संशय घेणारा मी, पण त्यानं माझ्यावर कधी घेतला नाही. त्याच पाहुण्यांसमोर 'चुकलो' म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं, दुसरं कारण नाही. त्या दिवसापासून मधूनं ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

श्वेता, ते खरं होतं. फोटोची प्रत तुला पाठवली आहे.

गेल्या आठवड्यात श्वेतासोबत मधूचं घर आवरायला गेलो. रॅकेट जागेवरच होती. गोष्ट सोडली तशी त्यानं रॅकेटही सोडून दिली असेल, इतक्या वर्षांत स्क्रू सैल पडले असतील, असं वाटून मी चौकटीला हात लावला. चारही स्क्रू घट्ट होते.