निरोपातला सातवा तुकडा

"हा आळस नाही," सांगलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी आहे. मणक्यातल्या ज्या पेशी स्नायूंना चालवतात, त्या यात हळूहळू मरतात."

शेजारी वडील होते. सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. त्यांच्याकडे मला बघवेना.

मी कोरेगावजवळच्या शाळेत शिकवते. वर्षभर जिना चढताना मांड्या साथ देत नव्हत्या. कुणी बघू नये म्हणून मी सगळे पुढे गेल्यावर निघायची. घरी बोलले नाही.

मग प्रजासत्ताक दिनी राष्ट्रगीत सुरू झालं आणि मला खुर्चीतून उठताच येईना. सगळी शाळा उभी, मी बसलेली. त्या दिवशी पाहुणे माझे वडीलच होते. "ऊठ की गं," ते दबक्या आवाजात म्हणाले.

त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या. ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्याचं काम बघणं. मग जनुकांच्या तपासणीसाठी रक्त. रिपोर्टची वाट बघताना मी भिंतीकडची खुर्ची धरायची. गुडघ्यांवर हात रेटून उठताना लोक बघतात.

मॅडमनी समजावलं, "पेशी जनुकावरून एक निरोप उतरवून घेते. नको ते तुकडे कापते, हवे ते जोडते. हे स्प्लायसिंग. तुझं मुख्य जनुक नाहीच. राखीव आहे, पण त्याच्या निरोपात सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो आणि त्या पेशींना जगवणारं प्रथिन अपुरं बनतं. औषध तो तुकडा आत ठेवायला लावतं."

"म्हंजे माज्याकडनं आलं व्हय हे?" वडिलांनी विचारलं.

"आईकडून आणि तुमच्याकडून. तुम्हा दोघांना त्रास नव्हता, कळणार कसं? दोष कुणाचाच नाही."

परतताना ते म्हणाले, "चारचौघांत तुला ऊठ म्हनलो. माफ कर गं."

सांगितलं नव्हतं मी, आणि माफी ते मागत होते. मला जास्तच लाज वाटली.

औषध मिळायला बरेच महिने गेले. रोज तोंडाने घ्यायचं. गेलेली ताकद सगळी परत येत नाही, पण घसरण थांबली आहे. तुम्हीही असं काही लपवत असाल, तर लवकर दाखवा. माझं ते वर्ष गेलं ते गेलंच.

परवा उंब्रजच्या स्टँडवर एसटीची पायरी चढता येईना. मागे माणसं खोळंबली. मागच्या बाईंना म्हणाले, "मावशी, जरा हात देता का?"

"आवं, धरा की!" त्यांनी माझ्या काखेत हात घातला आणि मला वर चढवलं.

कान तापले होते. पण मी गाडीत होते.